‘पत्र पाठवले’ नावाचा रकाना

मी ऑडिटर आहे. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहून दिवसभर कंपन्यांच्या फायली चाळते आणि घरी आल्यावर सरकारी ऑडिट रिपोर्ट वाचत बसते. नवरा म्हणतो, लोक वेबसिरीज बघतात, हिला परिशिष्टं लागतात.

हे वेड लागलं 15 फेब्रुवारी 2019 नंतर. शुक्रवार होता. दुपारी आमच्या भागातल्याच ऑरोरा शहरात एका कारखान्यात नोकरीवरून काढलेल्या माणसानं पाच सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या, पोलिसही जखमी झाले. लेकीच्या शाळेचा मेसेज आला : मुलं वर्गातच आहेत, न्यायला येऊ नका. गेले तरीही. पार्किंगमध्ये हीटर लावून गाडीत बसले, वरून हेलिकॉप्टर. ती बाहेर आली तेव्हा हातात आदल्या दिवशीची व्हॅलेंटाइनची चॉकलेटं होती आणि पहिला प्रश्न, “आई, आज दिवे का बंद केले होते गं?”

पुढच्या आठवड्यात जे बाहेर आलं त्यानं माझ्यातली ऑडिटर जागी झाली. आमच्या इलिनॉय राज्यात बंदूक बाळगायची तर राज्य पोलिसांचं फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. कायदा 1968 चा. या माणसाला 2014 च्या जानेवारीत कार्ड मिळालं, त्यावर त्यानं बंदूक घेतली. मग सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी स्वतःहून बोटांचे ठसे दिले आणि त्यातून 1995 चा मिसिसिपीतला गंभीर गुन्हा उघड झाला. कार्ड रद्द. त्याला पत्र गेलं : 48 तासांत कार्ड जमा करा, बंदुकीचं काय केलंत ते फॉर्मवर लिहून द्या. बंदूक त्याच्याकडेच राहिली. पाच वर्षं.

म्हणजे कायदा होता, तपासणी झाली, निर्णयही बरोबर झाला. फक्त शेवटचं पाऊल त्याच माणसाच्या सज्जनपणावर सोडलं होतं, ज्याच्यावर विश्वास नाही म्हणून कार्ड काढून घेतलं.

याहून मला झोंबलं ते वेगळंच. राज्याच्या ऑडिटर जनरलचा फॉइडवरचा रिपोर्ट 2012 चा आहे, या माणसाला कार्ड मिळण्याच्या दोन वर्षं आधीचा. त्यात स्वच्छ लिहिलंय की रद्द झालेल्या कार्डांपैकी सुमारे 70 टक्के परतच येत नाहीत. शिवाय मानसिक आजाराबाबतचे न्यायालयीन निवाडे पोलिसांना कळवायचे असताना राज्यातल्या 102 पैकी फक्त 3 काउंट्यांचे (म्हणजे जिल्ह्यांचे) कोर्ट-क्लार्क ते कळवत होते. तीन! मी तो आकडा दोनदा वाचला, मला वाटलं छपाईची चूक असेल.

आता माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत नोकरी सोडून गेलेल्यांची ओळखपत्रं परत येतात का, हे मी तपासत होते. त्यांच्या एक्सेलमध्ये रकाना होता ‘पत्र पाठवले’, आणि खाली एकजात ‘होय’. मी दहा-बारा पत्रांच्या प्रती उघडून पाहिल्या, तारखा जुळल्या, मुद्दा बंद केला. किती ओळखपत्रं हातात पडली हे विचारलंच नाही. तिथे काही बिघडलं नाही, हे नशीब. 

अंमलबजावणीच्या रिपोर्टमध्ये नेमकी हीच जागा बघायची असते. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, जीएओ, हिनं 2018 मध्ये एक हिशेब मांडला. 2017 च्या आर्थिक वर्षात एफबीआयच्या तपासणीत बंदूक-खरेदीचे सुमारे 1,12,000 अर्ज नाकारले गेले. त्यातली सुमारे 12,700 प्रकरणं पुढच्या तपासाला गेली. जून 2018 पर्यंत केंद्रीय वकिलांनी खटले भरले 12. खरेदीच्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे! अर्थात नाकारलेला प्रत्येक जण खोटारडा नसतो. आणि ‘जाणूनबुजून खोटं लिहिलं’ हे सिद्ध करणं किचकट, त्यात वकिलांचा वेळ जातो. तरीही ही उतरंड एकदा समोर आली की ‘आम्ही इतके अर्ज अडवले’ या वाक्यावर मान डोलवता येत नाही. 2022 च्या कायद्यानं आता अर्ज नाकारल्याची खबर 24 तासांत स्थानिक पोलिसांना द्यावी लागते. 

कॅलिफोर्नियाचा रिपोर्ट मला त्यातल्या त्यात आवडतो. आवडतो म्हणजे काय, वाचून पोटात गोळाच येतो. तिथे बंदूक नोंदलेली आहे आणि आता ती बाळगायला बंदी आहे, अशा माणसांची यादीच ठेवतात आणि दरवर्षी विधिमंडळाला सांगावं लागतं : यादीत किती, बाहेर किती निघाले, नवे किती आले, बंदुका किती जप्त झाल्या. 2013 मध्ये थकलेली प्रकरणं निपटायला 2 कोटी 40 लाख डॉलर दिले होते. 2021 च्या सुरुवातीला यादीत तरीही 24 हजारांच्या आसपास माणसं होती. पण निदान छेद, म्हणजे एकूण कितीपैकी हा आकडा, छापलाय हो! पत्ता न लागलेल्यांचा वेगळा गठ्ठासुद्धा दाखवलाय. लपवायला तीच जागा सगळ्यात सोपी असते, हे माझ्या धंद्यातलं कुणीही सांगेल.

आमच्याकडे 2021 च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर प्रिट्झकरांनी ऑरोरामध्येच नव्या कायद्यावर सही केली. रद्द कार्डवाल्यांच्या घरी जाऊन बंदुका आणायला त्यात निधी आहे. त्या निधीतून किती दारं वाजली आणि किती बंदुका आल्या, हे मला एकाच तक्त्यात, शेजारी-शेजारी हवंय.

शेजारचे आजोबा शिकारी आहेत. लेक त्यांच्या नातीकडे पहिल्यांदा रात्री राहायला जाणार होती तेव्हा मी धीर करून विचारलं, घरात बंदूक आहे का? त्यांना राग नाही आला. तळघरातली तिजोरी दाखवली, पाकिटातून फॉइड कार्डही काढून दिलं, अगदी ड्रायव्हिंग लायसन्ससारखं. मी गमतीत म्हटलं, हे रद्द झाल्याचं पत्र आलं तर?

त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बोट दाखवलं. फळांच्या टोपलीशेजारी न उघडलेल्या पाकिटांचा वीतभर ढीग होता. “आलं असेल तर त्यातच असेल,” म्हणाले.