गाडीचे दात

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा व्यवहार सुरू झाला, की जाणता माणूस आधी घोड्याचं तोंड उघडतो. मालक वय काहीही सांगो, दात काय म्हणतात ते बघायचं. आमच्या खान्देशात जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूसही हाच संशय सोबत घेऊन निघतो. पंचाईत एवढीच की गाडीचे दात एका जागी नसतात.

आधी कागद. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी-दाखल्यावर, नोंदणीची तारीख असते आणि गाडी बनल्याचा महिना-सालही. विकणारा तोंडाने सांगतो ती नोंदणीची. नोव्हेंबर २०१८ मध्ये कारखान्यातून निघालेल्या गाडीचं पासिंग जानेवारीत झालं, की "भाऊ, एकोणीसनं मॉडेल शे!" यात खोटं काही नाही, म्हणूनच तो इतका छातीठोक बोलतो. नंबरप्लेटवरूनही थोडं कळतं. एमएच १८ धुळ्याची, १९ जळगावची, ३९ नंदुरबारची. नंदुरबार जिल्हाच मुळी १९९८ चा, त्यामुळे ३९ चा नंबर त्याआधी पडलेला असणं शक्य नाही. पण इतकी जुनी गाडी घेतंय कोण!

चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, सतरा अक्षरी. आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे त्यातलं दहावं अक्षर सालाचं: २०१० ला ए, २०११ ला बी, असं पुढे. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून आय, ओ, क्यू गाळलेले, म्हणून २०१७ ला एच आणि २०१८ ला एकदम जे. आपल्याकडच्या काही कंपन्या मात्र साल-महिना आपल्या रीतीने लिहितात, तेव्हा कंपनीची रीत माहीत नसताना बोटं मोजत बसू नये.

माझा भरवसा काचांवर आणि स्टेपनीवर. काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक छापात बहुधा सालाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि सहावी नंतरची निघाली, तर मालकाकडे शांतपणे बघायचं. बहुतेक वेळा तो स्वतःच बोलायला लागतो. टायरवर चार आकडे असतात; ४६१८ म्हणजे २०१८ चा सेहेचाळिसावा आठवडा. चालते टायर बदललेले असणारच. पण डिकीतल्या स्टेपनीकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि ती बिचारी गाडीच्या जन्मापासून तिथेच पडून असते. किलोमीटरचा आकडा मी वाचतही नाही. तो मागे फिरवणारे हात गावोगाव आहेत.

शिवाय भुसावळचं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तडकतो, हेडलाइट पिवळे पडतात, दाराचं रबर चिवटपणा सोडतं. शेडखाली राहिलेली बाराची गाडी आणि उन्हात करपलेली अठराची शेजारी उभ्या केल्या, तर कागद न बघता थोरली कोण ते सांगणं अवघड.

खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, मग पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. तो हिशेब नोंदणीच्या तारखेपासून. म्हणजे वरच्या नोव्हेंबरवाल्या गाडीला सरकारदरबारी दोन महिने फुकट मिळाले. भाव करताना मी त्या दोन महिन्यांचं अख्खं एक वर्ष धरतो.