मोर्शीच्या वाऱ्याला साजेशी पवनचक्की

मोर्शी तालुक्यातील संत्राबागांच्या कृषिपंपांसाठी सौर, पवन आणि बॅटरी यांचा मेळ कसा बसेल, हे पाहण्यासाठी गेल्या हिवाळ्यात मी वर्षाच्या ८,७६० तासांचे ऊर्जा-मॉडेल रचायला घेतले. सौर भाग लवकर उरकला. अडलो तो पवनचक्कीच्या निवडीवर, कारण वाऱ्याच्या कोणत्या वेगाला किती वीज मिळते, हा त्या यंत्राचा पॉवर कर्व्ह मॉडेलला द्यावाच लागतो.

ओळखीचे नाव म्हणून मी प्रथम व्हेस्टास या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीचे व्ही-९० हे ३ मेगावॅटचे यंत्र घेतले. वीज इतकी भरघोस आली की मोर्शी आता साताऱ्याच्या, पवनचक्क्यांनी भरलेल्या चाळकेवाडी पठारालाही मागे टाकणार, असे वाटले. बाबांना आलेख दाखवला, तर ते हसून म्हणाले, "अरे, इथं तूर उपनाले वारा भेटत नाही, अन् तुही चक्की माघातबी फिरून राहिली?"

चूक माझीच होती. ईआरए-५ या तासागणिक हवामान-नोंदींच्या जागतिक संचातला १०० मीटर उंचीवरचा वेग मी १० मीटरचा समजून पुन्हा मनोऱ्याच्या १०५ मीटर उंचीपर्यंत चढवला होता. उंचीनुसार वेग किती वाढतो याचा अंदाज देणाऱ्या एक-सप्तमांश घातांकाच्या नियमाने तो सुमारे १.४ पट होतो आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढत असल्यामुळे ती जवळपास पावणेतीनपट फुगली होती.

चूक सुधारल्यावर तेच यंत्र बहुतेक काळ रेंगाळताना दिसले. तेव्हा कुठे मी मेगावॅटऐवजी पात्याने कापलेल्या क्षेत्राकडे पाहू लागलो. व्ही-९० मध्ये दर चौरस मीटरला सुमारे ४७० वॅट क्षमता पडते, तर १२० मीटर व्यासाच्या, २.१ मेगावॅटच्या सुझलॉन एस-१२० मध्ये जेमतेम १८६ वॅट. मंद वाऱ्यात हा दुसरा, क्षमतेच्या मानाने मोठ्या पात्यांचा प्रकारच पूर्ण क्षमतेच्या जवळ पोहोचतो, म्हणून मी १४० मीटर उंचीसह तोच घेतला. पॉवर कर्व्ह १.२२५ किलो प्रति घनमीटर घनतेसाठी असतो; आमच्या उन्हाळ्यातली तापलेली हवा त्याहून विरळ असल्याने तीही दुरुस्ती केली.

मात्र मोठ्या पात्याचा व उंच मनोऱ्याचा प्रति मेगावॅट जादा खर्च मॉडेलमध्ये न घातल्यास ते अशा यंत्राला फुकटचे झुकते माप देते, हे मला जरा उशिराच सुचले. तो खर्च धरल्यावर पवनऊर्जेला थोडीच जागा उरली: आमच्याकडे वारा सुटतो पावसाळ्यात, पंप बंद असताना, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचे ओलित सुरू होते जानेवारीत.