भरीत आणि नानांचं गणित

अमळनेर, रविवार रात्र

केसांना अजून धुराचा वास आहे. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, सगळं झकास. मग शेजारच्या तालुक्यातल्या पोक्सो केसचा, म्हणजे लहान मुलीवरच्या अत्याचाराचा, विषय निघाला. पोरं म्हणाली, मोबाईलनं, त्यावरच्या अश्लील चित्रफितींनी वाट लावली. नाना म्हणाले, "त्या बाया शेतस म्हनीसन आपल्या पोरी सुखरूप शेतस." त्या म्हणजे वस्तीतल्या, देहविक्री करणाऱ्या बाया. काकू भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मी गप्प बसले, कारण आकडे बरेचसे नानांच्याच बाजूचे आहेत. डेन्मार्कने १९६९ मध्ये अश्लील चित्रांवरची बंदी उठवली, तरी गुन्ह्यांचा पूर काही आला नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये १९८०च्या कायद्यात एक फट राहिली, चार भिंतींआडचा देहविक्रीचा धंदा गुन्हाच उरला नाही. २००३ मध्ये कोर्टात ते उघड झालं, २००९ मध्ये फट बुजवली. मधल्या वर्षांत बलात्काराच्या नोंदी तीसेक टक्क्यांनी घटल्या, असं दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलं.

पण नोंदी! कुणाच्या? वस्तीतली एक बाई माझ्याकडे आली होती. गिऱ्हाइकानं मित्र आणले, दार लावून घेतलं. ठाण्यातला हवालदार हसला म्हणे, "तुझ्यावर कसला बलात्कार?" ती नोंद झालीच नाही. १९५६च्या कायद्यानं तिचा धंदा हा गुन्हा नाही, पण कुंटणखाना आणि रस्त्यावर गिऱ्हाईक खुणावणं आहे, त्यामुळे ठाण्याची पायरी चढायलाच ती भिते. अत्याचार झाला तर अशा बाईलाही इतर पीडितेइतकीच मदत मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते २०२२ मध्ये. नानांच्या गणितात ती 'आपल्या पोरीं'त धरलेलीच नाही.

पोरांचा मोबाईलही अर्धाच खरा. नील मालमुथ या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं मला पटतं: ज्याच्या मनात बाईबद्दल आधीच राग साचलाय, त्याच्या बाबतीत हिंसक चित्रफिती आगीत तेल ओततात, बाकीच्यांवर तसा परिणाम दिसत नाही. आणि आपल्याकडच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतलेच असतात. काका, शेजारी, शिकवणीवाला. मोबाईलला शिव्या घातल्या की त्यांचं नाव घ्यावं लागत नाही.

निघताना काकूंनी भरिताचा डबा हातात दिला आणि हळूच विचारलं, "ती वस्तीमधली बाई आते कशी शे?"

नाना तेव्हा गाडी काढत होते.