ऑपरेशन दीड तासाचं, भूल किती तासांची?

"दीड तासाचं काम आहे," असं काउन्सेलरने सांगितलं होतं. सकाळी ८:०५ ला मला ऑपरेशन थिएटरात नेलं आणि १२:३० ला वॉर्डात आणलं. मधले चार तास पंचवीस मिनिटं बाहेर बसलेल्या माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना कुणी एक शब्द सांगितला नाही. स्क्रीनवर माझ्या नावापुढे 'सर्जरी चालू' एवढंच. पावणेदहानंतर ते दोघं अक्षरशः देव पाण्यात घालून बसले होते. त्यांचे हे तास मला अजून सलतात, म्हणून हे लिहिते आहे.

वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग स्टेपल करून काढून टाकायचं दुर्बिणीचं ऑपरेशन, करायचं ठरवणं, तपासण्या, विम्याची मंजुरी हे सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

नंतर मी भुलीच्या तक्त्याची झेरॉक्स मागून घेतली. दर पाच मिनिटांनी बीपी आणि नाडीच्या खुणा केलेला तो कागद वाचला आणि हिशोब लागला. भूल दिली ८:३५ ला. पहिला छेद ९:१०. शेवटचा टाका १०:२५. श्वासाची नळी काढली १०:५०. म्हणजे सर्जनचं काम सव्वा तासाचं, भूल सव्वादोन तासांची आणि बाकीचा वेळ आधीच्या तयारीचा व नंतरच्या देखरेखीचा. काउन्सेलरने सांगितलेला दीड तास फक्त छेदापासून टाक्यांपर्यंतचा होता. जठराचा बायपास असेल तर हाच भाग दोन-तीन तासांचा होतो.

आधीची तीस मिनिटं कशात जातात? वजन जास्त असलं की सपाट झोपवून भूल देत नाहीत. पाठ, खांदे आणि डोक्याखाली उशा-चादरींचा उतार रचतात. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचा वरचा खड्डा एका रेषेत आला की श्वासनळीत नळी घालणं सोपं जातं. पोटऱ्यांना हवेचे पंप बांधतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हाताची शीर चरबीखाली दडलेली असते, कधी कधी सोनोग्राफीने शोधावी लागते. मग तोंडावर मास्क ठेवून तीन ते पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. ही मिनिटं कुणी वाचवू नयेत. असा ऑक्सिजन भरून घेतलेल्या सडपातळ माणसाचा श्वास थांबला, तरी सात-आठ मिनिटं निभावतं. आपल्यासारख्या जास्त वजनाच्या माणसाचा ऑक्सिजन दोन-तीन मिनिटांत घसरतो, कारण पोटाच्या भाराने फुप्फुसात साठाच कमी राहतो.

दाढी असलेल्या पुरुषांनी ती आधीच काढावी, मास्क नीट बसत नाही.

भूल दिल्यावरही भूलतज्ज्ञ नुसते मॉनिटरकडे बघत बसत नाहीत. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवतात. तो दाब खालून फुप्फुसांवर येतो, म्हणून व्हेंटिलेटर सारखा जुळवून घ्यावा लागतो. स्लीव्ह किती रुंद ठेवायची ते ठरवणारी जाड मऊ नळी तोंडातून जठरात भूलतज्ज्ञच सरकवतात. स्टेपलर मारण्याआधी जठरातली बाकी प्रत्येक नळी बाहेर आली की नाही, हे मोठ्याने विचारून खात्री करतात. एखादी आत राहिली तर ती जठरासोबत स्टेपल होते.

टाके झाले की लगेच जाग येते असं नाही, आणि बाहेरच्यांचा जीव नेमका इथे टांगणीला लागतो. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर पूर्ण उतरला की नाही, ते मनगटाला लागोपाठ चार बारीक विजेचे झटके देऊन मोजतात. चौथ्या झटक्याचा प्रतिसाद पहिल्याच्या ९० टक्क्यांवर आल्यावरच, डोकं उंच ठेवून नळी काढतात. घाई केली तर घसा मिटतो आणि पुन्हा नळी घालायची वेळ येते. नंतर मी रिकव्हरी रूममध्ये १ तास ४० मिनिटं होते, कारण मला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे. कुणी हाक न मारता, आपली आपण पडलेली असताना ऑक्सिजन टिकतो का, ते त्यांना बघायचं होतं. हे सगळं योग्यच होतं. बाहेर येऊन दोन वाक्यं सांगायला मात्र कुणी नव्हतं, याचा राग आहे.

म्हणून आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनाच विचारा: भूल दिल्यावर, टाके झाल्यावर आणि रिकव्हरीत आणल्यावर घरच्यांना फोन कोण करणार? नाव आणि नंबर लिहून घ्या.

घोरणं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासायची चाचणी, वेळेत उरका. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सुरू झालं असेल तर आपलं मशीन आणि मास्क सोबत न्या, रिकव्हरीत तेच लावतात. वजन किंवा साखर कमी करायला सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर शेवटच्या डोसची तारीख सांगाच. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि उपाशी राहूनही आत अन्न सापडू शकतं. किती दिवस आधी थांबवायचं, की आदला दिवस फक्त पातळ घ्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात. ऑपरेशनआधीच्या कमी कॅलरीच्या आहारात साखर नॉर्मल दिसत असतानाही त्यांनी रक्तातलं आम्ल वाढू शकतं.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच काढा. बोटांना नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी नको, ऑक्सिजनचा चिमटा तिथेच लागतो. जागं झाल्यावर खांदा दुखला तर घाबरू नका, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो आणि चालायला लागलं की उतरतो.

तक्ता हवा असेल तर मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. नियमाप्रमाणे ७२ तासांत कागद मिळायला हवेत. अर्जात 'ॲनेस्थेशिया रेकॉर्ड' असं वेगळं लिहा, माझ्या डिस्चार्ज कार्डावर यातली एकही वेळ नव्हती. श्वासनळीत नळी घालणं सोपं गेलं की अवघड, हेही त्याच कागदावर असतं. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनला भूलतज्ज्ञ तेच आधी विचारतील.