सोफ्यावरचा रस्सा आणि गालिच्यावरचे कुंकू : घरगुती उपायांनी डाग काढण्याचा माझा अनुभव

रथसप्तमीच्या आत आमच्याकडचे हळदीकुंकू उरकले आणि पाठोपाठ पुतणीचे केळवण झाले. दुसऱ्या दिवशी बैठकीची खोली आवरायला घेतली, तेव्हा फिकट बदामी सोफ्याच्या एका गादीवर बटाट्याच्या रश्श्याचा तळहाताएवढा डाग, सोफ्याच्या हातावर तुपाची बोटे, पाठीवर बॉलपेनची लांबलचक रेघ आणि खालच्या गालिच्यावर कुंकू व चहा, असा सगळा ऐवज उजेडात दिसू लागला. सोफे-गालिचे धुऊन देणाऱ्या एका व्यावसायिकाकडून आठवड्यानंतरची वेळ मिळत होती. तोवर डाग मुरले असते, म्हणून घरात आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवरच काम भागवायचे ठरवले.

डाग कशाचा आहे याआधी तो कशावर पडला आहे हे पाहावे लागते. परदेशी किंवा मोठ्या कंपन्यांच्या सोफ्यांना खालच्या बाजूला एक पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याने साफ करावे, ‘एस’ म्हणजे पाणी न लावता स्पिरिटसारख्या द्रावकानेच करावे, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालते आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. आमचा सोफा कारागिराकडून घरीच करून घेतलेला असल्यामुळे त्याला अशी पट्टी असण्याचा प्रश्नच नव्हता. मग गादीच्या चेनच्या आतल्या शिवणीतून एक दोरा ओढून तो चिमट्यात धरून पेटवून पाहिला. तो वितळला आणि टोकाला कडक काळी गुठळी झाली, म्हणजे कापड पॉलिएस्टरचे. गालिचा भदोहीचा, हाताने गाठी मारलेला असे सांगून विकलेला होता, तरी त्याचीही परीक्षा केली. यात एक मेख आहे. गालिच्याच्या कडेची झालर बहुतेक वेळा सुती ताण्याची असते, त्यामुळे तिचा दोरा जाळून काहीच कळत नाही. वरच्या लवीतला धागा घ्यावा लागतो. तो जळताना केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली गेली, तेव्हा लोकर असल्याची खात्री पटली. हे कळणे महत्त्वाचे होते, कारण लोकरीला कपड्यांच्या पांढरेपणासाठी वापरतात ते क्लोरीनचे ब्लीच मुळीच चालत नाही, आणि धुण्याचा सोडा किंवा कडक डिटर्जंट पावडरही तिला सोसत नाही.

त्यानंतर प्रत्येक उपाय आधी दिसणार नाही अशा जागी करून पाहिला. पांढरे सुती फडके ओले करून गालिच्याच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरले आणि त्याला रंग लागला नाही हे पाहिल्यावरच पुढे गेलो. माझी आत्या त्या वेळी घरात होती. मी फडके हातात घेताच तिने बजावले, “अरे, घासू नकोस, टिपून घे. आणि कडेकडून आत ये.” हे अक्षरशः पाळावे असे आहे. घासल्याने डाग पसरतोच, शिवाय लव पिंजली जाते आणि मग डाग गेला तरी ती जागा कायम वेगळी दिसते.

कुंकवाला पाणी लावायचे नाही, एवढे एकच पथ्य. कोरडे कुंकू म्हणजे बारीक पूड असते. तिला ओल लागली की रंग धाग्यात उतरतो, आणि हल्लीच्या बाजारी कुंकवात कृत्रिम रंग असल्यामुळे तो निघता निघत नाही. आधी व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी डागाच्या किंचित वर धरली, मग रुंद चिकटपट्टी हलकेच दाबून उचलत राहिलो. पट्टी गुलाबी व्हायची थांबली तेव्हा गालिच्यावर जेमतेम छटा उरली होती.

चहाचा डाग त्याच्या शेजारीच होता. त्यावर साधे गार पाणी शिंपडून टिपले, मग कपभर पाण्यात चमचाभर सौम्य, लोकरीसाठीचे द्रव साबण घालून त्याचा फेस लावला, आणि शेवटी एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी असे मिश्रण वापरले. चहातल्या टॅनिनचा तपकिरी रंग सौम्य आम्लाने बराच सैल होतो. आत्याचा आग्रह रिठ्यांचा होता आणि तो चुकीचा नव्हता. शालू आणि लोकरी शाली आपल्याकडे रिठ्यानेच धूत आले आहेत. फक्त रिठ्याचे पाणी स्वतःच तपकिरी असते, त्यामुळे फिकट गालिच्यावर ते ओतण्यात अर्थ नाही. रिठे भिजवून घुसळावेत आणि वरचा फेस तेवढा उचलून वापरावा.

तुपाच्या बोटांवर टाल्कम पावडर भरपूर भुरभुरून रात्रभर राहू दिली आणि सकाळी झटकली. पुष्कळजण यासाठी बेसन किंवा मैदा सुचवतात. तूप त्यांनीही शोषले जाते, पण शिवणींत अडकलेल्या पिठाला मुंग्या आणि झुरळे लागतात, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. बॉलपेनच्या रेघेला स्पिरिट लागते. कापसाचा बोळा भिजवून रेघेवर टेकवायचा, शाई बोळ्यात आली की तो फेकून नवा घ्यायचा, आणि हे करताना खिडक्या उघड्या व देवघरातला दिवा विझलेला असावा. नेलपॉलिश काढायचे द्रावण मात्र त्याऐवजी वापरू नये, कारण त्यात ॲसिटोन असेल तर काही कृत्रिम कापडे त्याने विरघळतात.

खरा वेळ खाल्ला तो रश्श्याच्या डागाने. रश्श्याचा डाग म्हणजे तेल आणि हळद यांची जोडगोळी, आणि हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कुर्कुमिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. म्हणून नुसते पाणी मारून उपयोग नसतो. दुसरी गोष्ट अशी की साबण, सोडा, चुना अशा कोणत्याही अल्कलीने हळद लालसर तपकिरी होते. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप कालवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे, आणि पारंपरिक कुंकूही हळदीच्या याच गुणावर तयार होते. तरीसुद्धा हळदीच्या डागावर खाण्याचा सोडा चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोड्यावर व्हिनेगर ओतून उसळणारा फेस तर निव्वळ तमाशा आहे. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती उरते ते थोडे खारट पाणी. कुणाचा डाग आधीच लाल झाला असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पातळ व्हिनेगरने टिपले की तो पुन्हा पिवळा होतो आणि पुढचे उपाय करता येतात.

मी आधी वाळलेला थर बोथट चमच्याने खरवडला, टाल्कम पावडरने वरवरचे तेल घेतले, मग भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब वाटीभर कोमट पाण्यात मिसळून स्पंजने लावले आणि टिपले. तेल सुटल्यावर स्पिरिटची पाळी आली. कुर्कुमिन अल्कोहोलमध्ये विरघळत असल्यामुळे बोळा टेकवताच त्यावर पिवळाजर्द ठसा उमटायचा, आणि एकेक बोळा आधीच्यापेक्षा फिका निघत गेला. पुढची पायरी हायड्रोजन पेरॉक्साइडची. दुकानातून आणलेल्या बाटलीवर ६ टक्के असे लिहिलेले होते, म्हणून तेवढेच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणले आणि शिवणीत तपासून डागावर टिपले. हे रंग उडवणारे द्रव्य असल्यामुळे गडद कापडावर मी ते लावणार नाही. ते व्हिनेगरमध्ये मिसळून ठेवू नये, आणि क्लोरीनचे ब्लीच व व्हिनेगर तर कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढ्यानेही पिवळसर झाक राहिलीच. ती घालवली उन्हाने. कुर्कुमिन प्रकाशात विघटित होते, त्यामुळे माघातल्या कोरड्या उन्हात गादी गच्चीवर नेऊन डागाची बाजू वर ठेवली. बाकीच्या कापडाचा रंग उडू नये म्हणून जुन्या चादरीला डागाच्या मापाचे भोक पाडून ती गादीवर पसरली. संध्याकाळी चादर काढली तेव्हा झाक अर्धी उतरली होती, आणि आणखी थोडी उन्हे मिळाल्यावर ती फक्त मलाच, कुठे पाहायचे ते माहीत असल्यामुळे, दिसत होती. हाच डाग आषाढात पडला असता तर काम अर्ध्यावरच अडले असते.

वाळवण्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण निम्मे काम तिथेच असते. ओल्या जागेच्या कडेला मळ गोळा होऊन पाण्याची गोल रेघ उमटते, म्हणून डागापुरतेच न थांबता शिवणीपासून शिवणीपर्यंतचे सगळे कापड ओलसर फडक्याने पुसून घेतले. गालिच्यात आणखी एक खोड असते. वरून डाग गेलेला दिसतो, पण खोलवर राहिलेला रंग वाळताना पाण्याबरोबर धाग्यांच्या टोकांकडे चढतो आणि सकाळी डाग जागेवर हजर. यावर उपाय म्हणून पांढऱ्या टॉवेलची घडी चहाच्या जागी ठेवून तिच्यावर स्टीलचे ताट आणि ताटावर पाटा ठेवला. रात्रीतून जे वर चढायचे ते टॉवेलमध्ये चढले. खाली वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. नंतर गालिचा दोन स्टुलांवर आडवा टाकून पंखा खालून लावला, कारण पाठीकडची ओल राहिली तर कुबट वास धरतो.

हे सगळे वरवरच्या डागांचे झाले. त्याच आवराआवरीत दुसऱ्या गादीवर दूध सांडलेले सापडले आणि ते कापडातून थेट फोममध्ये गेले होते. कव्हर धुऊन स्वच्छ झाले, पण फोम दाबला की आंबूस वास येत राहिला आणि व्हिनेगरचे पाणी, ऊन, वारा यांपैकी कशानेही तो हटला नाही. फोमच्या पोटात गेलेले दूध टिपून काढता येत नाही आणि पिळून काढण्याइतका फोम भिजवला तर तो घरच्या वाऱ्यावर वाळत नाही. शेवटी सोफा करणाऱ्या कारागिरालाच बोलावले. त्याने गादी हुंगली, चेन उघडून माप घेतले आणि त्याच जाडीचा नवा फोम कापून बसवून दिला.