आधी पाणी, मग गाडी

कॉस्टिकच्या, म्हणजे कॉस्टिक सोडा या तीव्र अल्कलीच्या, लाइनचा फ्लँज (पाइपचा जोड) खोलताना फिटरच्या तोंडावर फवारा उडाला. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. पण दोन व्हॉल्व्हच्या मधल्या तुकड्यात दाब अडकून राहिला होता. गॉगल होता, पण कपाळावर.

शेजारच्या शेडमध्ये माझा प्रथमोपचाराचा वर्ग चालू होता. आरडाओरडा ऐकून धावलो, तर चौघांनी त्याला उचलून गेटची वाट धरलेली. "गाडी काढा, गाडी काढा!" एवढंच ऐकू येत होतं. वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारा एक हेल्पर मात्र त्यांना आडवा उभा राहिला. "आधी पाणी!" म्हणत त्यानं फिटरला ओढून आयवॉशवर, म्हणजे डोळे धुण्याच्या नळावर, वाकवलं.

आम्लानं पेशींतली प्रथिनं गोठतात आणि त्या थरामुळे पुढचं नुकसान थोडं तरी अडतं. कॉस्टिक तसं थांबत नाही, पेशी विरघळवत आत उतरत जातं. त्यामुळे दवाखाना कितीही जवळ असो, पाणी जागेवरच हवं, आणि तेही किमान १५ मिनिटं.

ही १५ मिनिटं बोलायला सोपी. डोळा आपोआप घट्ट मिटतो आणि पाणी नुसतं पापण्यांवरून वाहून जातं. मी हातमोजे चढवून अंगठा आणि तर्जनीनं पापण्या फाकवून धरल्या. "वर बघ, खाली बघ, आता डावीकडे." तो हातपाय झाडत होता, "सर, सोडा, डोळा गेला माझा" म्हणत होता. हेल्परनं तोवर त्याचा भिजलेला शर्ट कापून काढला. कपड्यात मुरलेलं कॉस्टिक कातडी भाजतच राहतं. कुणीतरी भला माणूस व्हिनेगरची बाटली घेऊन आला. आम्लानं कॉस्टिक मारायचा हिशेब कागदावर जमतो. डोळ्यात त्याची उष्णता होते आणि जखमेवर आणखी जखम. बाटली परत पाठवली.

सगळ्यात जड गेलं ते बघ्यांना आवरणं. फोरमन दर मिनिटाला घड्याळ दाखवत होता. त्याचं चुकत होतं असंही नाही, माणूस तळमळत असताना नुसतं पाणी सोडत उभं राहणं बघवत नाही.

मग गाडीत घातलं. वाटेतही सलाइननं डोळे धुणं चालूच होतं, आणि सोबत त्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक दिलं. डॉक्टरांनी डोळ्याला कागदाची पट्टी लावून पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं प्रमाण, पाहिला आणि तो पूर्ववत येईपर्यंत पुन्हा धुतलं. बुबुळाचा वरचा थर खरवडला गेला होता, तो भरून आला. फिटर कामावर आहे, डाव्या डोळ्याला उजेड अजून खुपतो.

अपघात अहवालाचा मसुदा हातात आला तेव्हा मात्र डोकं फिरलं. त्यात चक्क लिहिलेलं, 'दवाखान्यात नेण्यास विलंब'. ती ओळ खोडून तिथे 'जागेवरील उपचार' लिहायला लावलं आणि तोवर सही केली नाही.

आता वर्गात डोळ्यांवर पट्टी बांधून कामाच्या जागेपासून आयवॉश गाठायला लावतो. १० सेकंदांत पोचता आलं पाहिजे. पहिलाच पठ्ठ्या वाटेत लावलेल्या हातगाडीवर आदळला. गाडी देखभाल विभागाची. ती दुसरीकडे कुठे लावायची यावर त्यांचं नि माझं भांडण चालू आहे.