वादळात उभं राहून चित्र काढता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. युरोपातल्या समुद्रचित्रांचा स्लाइड शो संपून दिवे लागले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, ही वादळं त्यांनी खरंच समोर बघून रंगवली का हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी शंका असते आणि बरीचशी आशा. मी ‘हो’ म्हणावं असं त्याला मनापासून वाटत असतं.

नाही. असली चित्रं वादळात बसून कोणी रंगवलेली नाहीत.

एकदा ऐन आगोटीत देवगडच्या किनाऱ्यावर मी जलरंगांची वही घेऊन बसलो होतो. दहा मिनिटांत कागदाचा लगदा झाला आणि बोर्ड वाळूत उलटा पडला. होड्या वर ओढणाऱ्या मंडळींची तेवढीच करमणूक. तैलरंगाची कथा तर याहून अवघड. जवसाच्या तेलात कालवलेला रंग हाताला कोरडा लागायलाच काही दिवस जातात. रंगाची पिळायची नळीसुद्धा १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पेटंट केली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून काढत. हे सगळं घेऊन हेलकावणाऱ्या डेकवर बसा म्हणावं.

पण वादळ रंगवावं तर तैलरंगातच, हेही खरं. जलरंगात फेसाचा पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. फेस कुठे येणार हे लाटेच्या आधी ठरवावं लागतं. तेलात आधी काळी-हिरवी लाट उभी करायची आणि मग तिच्या माथ्यावर जाड सफेदा फासायचा. फेस शेवटी येतो, समुद्रात येतो तसाच.

आता टर्नर या इंग्रज चित्रकाराबद्दल, कारण ‘नाही’ म्हटल्यावर कुणीतरी हमखास त्याचं नाव काढतं. १८४२ साली त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमीत एक चित्र मांडलं. आता ते तिथल्याच टेट ब्रिटन संग्रहालयात आहे. जेमतेम तीन फूट बाय चार फूट. हिमवादळात बंदराच्या तोंडाशी सापडलेली एक वाफेवरची बोट इशारे देत, शिशाचं वजन बांधलेल्या दोरीने पाण्याची खोली मोजत चालली आहे. हे एवढं सगळं चित्राच्या लांबलचक नावातच येतं, आणि वर पुस्ती जोडलेली आहे, की ज्या रात्री ‘एरियल’ ही बोट इंग्लंडमधल्या हारविच बंदरातून निघाली त्या रात्री चित्रकार स्वतः या वादळात होता. चित्रात क्षितिज नाहीच. बोट मधोमध काळसर डागासारखी, आणि पाणी, धूर, बर्फ तिच्याभोवती भोवऱ्यासारखे फिरतात. वर कुठे आणि खाली कुठे हेच क्षणभर कळत नाही. कुणा टीकाकाराने याला साबणाचा फेस आणि चुना म्हटलं. टर्नरला ते फार लागलं म्हणतात.

पुढे त्याने एका परिचिताला सांगितलेली हकीकत कलासमीक्षक रस्किनने नोंदवली. त्याने म्हणे खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि चार तास तसाच राहिला. वय तेव्हा साठीच्या पुढचं. गोष्ट झकास आहे, माझा मात्र तिच्यावर विश्वास नाही. त्या सुमारास हारविचहून सुटलेली ‘एरियल’ नावाची बोट अभ्यासकांना सापडलेली नाही. शिवाय हीच गोष्ट आधी क्लोद-जोझेफ व्हेर्ने या फ्रेंच चित्रकाराची म्हणून सांगितली जायची. नातू ओरास व्हेर्नेने तर १८२२ साली आजोबांना डोलकाठीला बांधलेलं चित्रच काढलं होतं. आजोबा रोममध्ये वीसेक वर्षं राहिले. गिऱ्हाइकं बरीचशी हौशी इंग्रज प्रवासी, आणि चित्रं पुष्कळदा जोडीने जायची, एक शांत समुद्र, एक वादळ. दरवेळी डोलकाठीला बांधून घ्यायचं म्हटलं असतं तर धंदा बसला असता.

समुद्रावर प्रत्यक्ष जाऊन काम करणारे नव्हते असं नाही. थोरला विलेम फान द फेल्द हा डच चित्रकार लहान जहाजातून थेट आरमारी लढायांत जाऊन रेखाटनं करायचा. पुढे बापलेक इंग्लंडला गेले. १६७४ मध्ये तिथला राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना वर्षाला शंभर शंभर पौंड बांधून दिले, बापाला रेखाटण्याचे आणि मुलाला ती रेखाटनं रंगवण्याचे. पाहणारा एक आणि रंगवणारा दुसरा, अशी ही सरळ कामाची वाटणी. त्यांची जहाजं बघताना मी शिडं आणि दोर तपासतो. ती चित्रं दर्यावर्दी माणसं बघणार होती, तिथे लबाडी चालली नसती.

आणि आयवाझोव्स्की! क्रिमियातल्या फिओदोसिया बंदरात जन्मला, रशियन आरमाराचा अधिकृत चित्रकार झाला. त्याच्या ‘नववी लाट’ची (१८५०) रुंदी सव्वातीन मीटरच्या वर आहे. त्याचं म्हणणं साफ होतं, वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा उसळा या गोष्टी समोर बघून रंगवताच येत नाहीत. तो आठवणीतून रंगवायचा. समुद्र माहीत असलेल्या माणसाचं हे बोलणं मला डोलकाठीच्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं.

मग चित्रकाराला वादळ कळलंय हे ओळखायचं कसं? मी रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या ‘गॅलिलीच्या समुद्रावरील वादळा’ची स्लाइड परत लावतो. साल १६३३. रेम्ब्रांटने गॅलिली कधी पाहिलं नव्हतं आणि समुद्रावरचं हे त्याचं एकमेव चित्र. १९९० च्या मार्चमध्ये बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून ते चोरीला गेलं, अजून सापडलेलं नाही. तिथे रिकामी चौकट टांगलेली आहे, त्यामुळे तुम्हाला आणि मला फोटोवरच भागवायचं. प्रसंग बायबलमधला, होडीत येशू आणि बारा शिष्य, म्हणजे तेरा असायला हवेत. मोजा, चौदा भरतात. एका हाताने टोपी आणि एका हाताने दोर धरून आपल्याकडे बघणारा तो चौदावा रेम्ब्रांट स्वतः, असं मानतात. सगळे त्याच्याकडे बघतात.

मी बोट ठेवतो ते दुसऱ्या एकावर. एक शिष्य शिडाशी झुंजत नाही, येशूला हाका मारत नाही. होडीच्या कडेवरून वाकून तो ओकतोय. पावसाच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची शेवटची लाँच पकडलेली माणसं समोर बसली असतील, तर इथे हसू फुटतं.